मास्तरांच्या बाजूचं बटण

माझ्या धंद्यात दोन प्रकारची माणसं असतात. एक गाडीचे भाग बदलणारी, दुसरी फॉल्ट शोधणारी. मी दुसऱ्यातला. हे स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण दुसऱ्या कुणी सांगायची वाट बघत बसलं तर माणूस म्हातारा होतो. बायको म्हणते, तुमच्या बढायांवर एक दिवस गाडी चालेल. चालू दे की. वीस वर्षं मोटारींच्या वायरिंगमध्ये बोटं घातली आहेत, अख्खं गाव मला 'करंट' म्हणतं, ते काही उगीच नाही.

माझ्याकडे एक वही आहे. चार रकाने: गाडी, तक्रार, कारण, उपाय. वीस वर्षांत 'कारण' हा रकाना एकदाही रिकामा राहिलेला नाही. एक नोंद सोडून. तुम्ही विचारलंत म्हणून तिचीच गोष्ट सांगतो. तो दिवा जरा इकडे सरकवा, आणि मध्ये बोलू नका. मध्ये कुणी बोललं की माझा धागा तुटतो.

दुपारी साडेतीनला फोन आला. मास्तरांची लेक होती.

"दादा, गाडी चालू होत नाहीये. आठ दिवस झाले. उद्या सकाळी दहाला साहेब येणार आहेत."

मास्तर म्हणजे आमचे ड्रायव्हिंग मास्तर. अर्ध्या गावाच्या हातात स्टेअरिंग त्यांनीच दिलं. तीन महिन्यांपूर्वी दवाखान्यातच वारले. ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना त्यांच्या नावावर होता, तो आता लेकीच्या नावावर व्हायचा होता, आणि त्यासाठी परिवहन कार्यालयाचे साहेब येऊन तिच्या शेजारी बसणार, तिनं मास्तरांचीच गाडी मैदानावर चालवून दाखवायची. नाही चालवली तर अर्ज बाद. अर्ज बाद की तिचा चुलता ते मैदान विकायला टपलेलाच होता. "बाईमाणसानं लोकांना गाडी शिकवायची म्हणजे काय," असं तो चारचौघांत बोलून चुकला होता.

"दोन मेकॅनिक येऊन गेले," ती म्हणाली. "एकानं बॅटरी बदलली. दुसऱ्यानं सेल्फ बदलला."

"आणि?"

"काही नाही. चावी फिरवली की सगळं गप्प."

मला हसूच आलं. सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी मोटर. तो निर्जीव पडलाय म्हणून सेल्फच बदलायचा, हे म्हणजे मूल रडतंय म्हणून पाळणा बदलण्यातलं. मी पिशवी उचलली, माझी व्हॅन काढली आणि निघालो.

खरं सांगायचं तर ती गाडी बघायची मला वीस वर्षं खुमखुमी होती. मी तिच्यावरच शिकलो. मास्तरांचा एक नियम होता. चावी फिरवायच्या आधी पट्टा बांधायचा, गिअर न्यूट्रल करायचा, आणि आरशात बघून काय दिसतं ते मोठ्यानं सांगायचं. घोकून नाही, खरं. मी पोपटासारखा "मागे रस्ता मोकळा" म्हणायचो आणि चावी फिरवायचो. गाडी ढिम्म. मग मास्तर तोंडातली पुदिन्याची गोळी या गालातून त्या गालात करायचे, दोन बोटं माझ्या डाव्या गुडघ्यावर टेकवायचे आणि म्हणायचे, "पुन्हा." मी मान वळवून बघायचो तर मागे खरंच कुणीतरी सायकल धरून उभं असायचं. ते सांगितलं की गाडी पहिल्या फटक्यात चालू. मला वाटायचं, हिच्या सेल्फमध्ये काहीतरी ढिलं आहे. त्या ढिल्या वायरीपायी मी या धंद्यात पडलो म्हणा ना.

गाडी मैदानाच्या टोकाला पत्र्याच्या शेडमध्ये होती. शेडला खिडकी नाही. वारा सुटला होता आणि अडथळे म्हणून मैदानावर मांडलेली रिकामी पिंपं घुमत होती, म्हणून लेकीनं दार लोटून घेतलं. आत एकदम दिवेलागणीइतका अंधार. मी हातदिवा बॉनेटला अडकवला. रबर, जुनं ऑइल, आणि त्याखाली कुठेतरी पुदिना. गाडीत गोळ्यांचा डबा पडला असेल, असं मी मनात म्हटलं.

"तू आत बस. मी 'मार' म्हटलं की चावी फिरव. मी म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही."

"माहितीये, दादा. लहानपणापासून बघतेय."

आता ऐका, फॉल्ट कसा शोधतात. आधी मी हेडलाइट लावायला सांगितले. "मार!" तिनं चावी फिरवली. दिवे जराही मंदावले नाहीत. म्हणजे करंट सेल्फकडे निघालाच नाही. बॅटरी बारा पॉइंट सहा, ठणठणीत. मग गिअर न्यूट्रल आहे ना विचारून मी बॅटरीतून जाड वायरीनं सेल्फला थेट करंट दिला. खर्रकन फिरला. म्हणजे सेल्फ चांगला. जुनाही चांगलाच असणार, बिचारा फुकट भंगारात गेला.

राहिला मधला रिले. तो एवढासा डबा. चावीचा छोटा करंट आला की आत टक् करून चिकटतो आणि सेल्फला मोठा करंट सोडतो. चावीकडून त्याला करंट येत होता. पण रिलेला दुसरं टोकही लागतं, अर्थ. करंट यायला वाट आणि जायला वाट. मी टेस्ट लॅम्प लावून बघितलं. दिवा लागेना. जायची वाटच नव्हती. वायरीचा एक तुकडा घेऊन मी ते टोक बॉडीला टेकवलं आणि ओरडलो, "मार!" टक्, खर्र, आणि इंजिन धडधडलं.

वीस मिनिटं लागली होती. फक्त वीस मिनिटं! मला वाटलं, त्या दोन मेकॅनिकना इथे उभं करावं आणि हे बघायला लावावं.

"झालं?" ती धावत बाहेर आली. डोळ्यांत पाणी.

"निम्मं. अर्थ कुठे तुटलाय ते बघू दे. जुगाड करून पाठवणारा मी नव्हे."

अर्थची वायर सरळ बॉडीला जायला हवी होती. ती गेली नव्हती. कुणीतरी ती कापून, नीट जोड देऊन, एक तपकिरी वायर भोकातून गाडीच्या आत नेली होती. काम इतकं सफाईदार होतं की मला करणाऱ्याचा हेवा वाटला. वायर शेजारच्या सीटच्या बाजूला गेली, जिथे मास्तर बसायचे. मी खाली वाकून डॅशबोर्डखालची पट्टी काढली. दाराच्या बिजागरीजवळ, वरच्या कोपऱ्यात, पट्टी असतानाही खालून अंगठा पोचेल असं एक काळं बटण होतं. घंटीचं असतं तसं. दाबून धरलं तर जोड, सोडलं की तुटलं.

मी तिथेच मांडी घातली आणि खो खो हसलो. वीस वर्षं! म्हातारा वीस वर्षं मला बनवत होता. मी आरशात खरं बघितलं की तो बटण दाबायचा, खोटं बोललो की हात मांडीवर. सेल्फ कधी ढिला नव्हताच.

लेकही हसली. "बाबांनी मलासुद्धा सांगितलं नाही कधी." बोटांनी तिनं ते बटण चाचपलं. वरचा रंग झिजून अंगठ्याएवढा भाग चकचकीत झाला होता. मग तिचं हसू हळूहळू विरलं.

"दादा... हे दाबून धरल्याशिवाय गाडी चालू होतच नाही?"

"होणं शक्यच नाही."

"पण बाबा गेल्यापासून रोज मी गाडी काढतेय. एकटी. आठ दिवसांपूर्वीपर्यंत."

वाऱ्यानं दार एकदा आत ओढलं गेलं आणि परत बसलं. मी बटण दाबलं, सोडलं. पुन्हा दाबलं, सोडलं. स्प्रिंग कडक, नव्यासारखी. ड्रायव्हरच्या सीटवर पट्टा बांधून बसलं तर हात तिथवर पोचायचं नाव नको.

"अडकून बसलं असेल," मी म्हटलं. "तीन महिने दाबलेलंच. आठ दिवसांपूर्वी सुटलं."

हे म्हणताना मला ठाऊक होतं की मी थाप मारतोय. वीस वर्षांत गिऱ्हाइकाला मारलेली ही पहिली थाप.

"आठ दिवसांपूर्वी तुझ्या हातून काही झालं का? पाणी गेलं, काही आपटलं?"

"काका आले होते. मुलं उभी होती बाहेर. मी नेहमीसारखं आरशात बघून मोठ्यानं सांगत होते. मागे काय आहे ते. काका सगळ्यांसमोर हसले. म्हणाले, शेजारी कुणी नाही, कुणाशी बोलतेस? वेड लागलं का बापासारखं?" तिनं आरशाकडे बघितलं. "त्या दिवसापासून मी बोलायचं सोडलं."

ती उठली, फेरी मारून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. मी बॉनेटकडे गेलो. मीटरची टोकं रिलेवर लावली आणि तो दोन्ही हातांत धरून उभा राहिलो. पट्ट्याचा कट्ट आवाज आला. गिअर हलला.

"मागे शेडचं दार," ती म्हणाली. आवाज बारीक होता. "दाराच्या फटीतून उजेड. भिंतीला टेकवलेली शिडी... बस एवढंच, बाबा."

मीटरवरचा आकडा पडला. मी 'मार' म्हटलेलं नव्हतं. तिनं चावीला हात लावायच्या आधी तिथं अर्थ आला होता. मग तिनं चावी फिरवली आणि इंजिन चालू झालं. मी बॉनेटच्या बाजूनं वाकून काचेतून आत बघितलं. शेजारची सीट रिकामी होती. पुदिन्याचा वास मात्र आता बॉनेटपाशी, माझ्या तोंडासमोर येत होता...

मी दोन पावलं मागे सरकलो, कबूल करतो. ती मात्र सीटवर ताठ बसली होती. तीन महिन्यांत मी तिला तशी बसलेली पाहिली नव्हती.

"दादा, याला हात लावू नका हं," ती म्हणाली. "आहे तसंच राहू दे."

"नाही लावत," मी म्हटलं.

आणि लावला. आता माझी चूक सांगतो. ती चुलत्याचा फोन आला म्हणून बाहेर गेली. मी विचार केला, उद्या दहा वाजता साहेब येणार, त्यातून एका पोरीचं आयुष्य ठरणार, आणि ते सगळं मी एका... कशावर तरी सोडायचं? करंटनं दुरुस्त केलेली गाडी साहेबांसमोर चालू झाली नाही, असं गाव म्हणणार? ते मला सहन होणं शक्य नव्हतं. मी दोन्ही वायरी बटणावरून सोडल्या, एकमेकींना घट्ट पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. अर्थ कायमचा जोडला. पट्टी बसवली. मग काही न बोलता, आरशाकडे न बघता तीनदा चावी फिरवली. तीनदा गाडी चालू झाली. लेकीनं शेडला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली, आणि मी घरी जाऊन वहीत लिहिलं. कारणाच्या रकान्यात मात्र पेन टेकवून नुसताच बसलो. म्हटलं, उद्या लिहू.

सकाळी मी साडेनऊलाच मैदानावर. दुरुस्त केलेली गाडी पहिल्यांदा चालताना बघायची मला हौस आहे. शिकायला आलेली अकरा मुलं-मुली कठड्याला टेकून उभी, चुलताही हाताची घडी घालून हजर. ढगाळलेलं होतं. लेकीनं सर्वांसमोर कुलूप काढलं, मुलांनी गाडी ढकलून उजेडात आणली आणि तोंड मैदानाकडे फिरवून उभी केली. साहेब कोरड्या चेहऱ्याचे, हातात फाइल. शेजारच्या सीटवर बसले, पाय लांब म्हणून सीट पार मागे सरकवली, फाइल मांडीवर घेतली आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. मी ड्रायव्हरच्या बाजूच्या खिडकीपासून चार हातांवर उभा होतो. मला सगळं दिसत होतं.

"चला," साहेब म्हणाले.

तिनं पट्टा बांधला. गिअर न्यूट्रल. मग चुलत्याकडे एकदा बघून आरशाकडे बघितलं, आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मागे शेडचं दार उघडं. डावीकडे मुलं उभी. रस्ता मोकळा." शाबास पोरी, मी मनात म्हटलं. तिनं चावी फिरवली.

काही नाही.

टक् सुद्धा नाही. माझा जोड! मी स्वतः पिळलेला जोड! तिनं पुन्हा फिरवली. गप्प. चुलता खाकरला आणि म्हणाला, "मी सांगितलं होतं." साहेबांनी घड्याळ बघितलं. मी पुढे निघालो, पण तिनं खिडकीतून हात दाखवून मला थांबवलं.

ती आरशात बघत होती. बराच वेळ बघत होती. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, आणि मग... कसं सांगू? शाळेत नंबर आलेल्या पोरीचा असतो तसा झाला. हनुवटी वर.

"मी नीट सांगितलं नाही, साहेब," ती म्हणाली. "मागे शेडचं दार उघडं. डावीकडे मुलं. आणि मागच्या सीटवर, मधोमध, माझे बाबा बसलेत."

साहेब आधी तिच्याकडे, मग समोर बघायला लागले. त्यांचे दोन्ही हात फाइलवरच होते. तिनं चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली.

काय चालवली म्हणून सांगू! पिंपांमधून आठचा आकडा, चढावर थांबून परत उचलणं, उलटी घेऊन दोन खुंट्यांमध्ये लावणं. एका पिंपाला धक्का नाही. मास्तरांचाच हात. माझा ऊर असा भरून आला की भीती कुठल्या कुठे गेली. साहेबांनी बॉनेटवर फाइल ठेवून सही केली. शेरा लिहिला: आरशाचा वापर उत्तम. चुलता कधी निघून गेला ते कुणी बघितलंच नाही.

साहेब जाताना माझ्यापाशी थांबले. "गाडीत गोळ्या खायला माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण वास फार उग्र आहे. मागची काच उघडी ठेवत जा म्हणावं."

मुलं लेकीला उचलून घ्यायला निघाली तशी मी गुपचूप शेजारच्या बाजूनं आत वाकलो आणि पट्टी काढली. माझा जोड तिथे नव्हता. दोन्ही वायरी परत बटणावर बसवल्या होत्या, स्क्रू करकचून आवळलेले. पिळलेली तांब्याची टोकं सरळ केली होती. माझ्या टेपचा तुकडा फेकलाही नव्हता. सुरकुती न ठेवता पत्र्याला आतून चिकटवून ठेवला होता, लागला तर असावा म्हणून.

"तू हे उघडलं होतंस?" मी लेकीला नंतर विचारलं.

"काय उघडलं होतं?" ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं. "दादा... तुम्ही हात लावला होतात?"

मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा.

आता त्या शाळेत तीन गाड्या आहेत. सगळ्यांचं वायरिंग माझ्याकडे, आणि गावात कुणालाही विचारा, तिच्या हाताखाली शिकलेला माणूस आरसा बघितल्याशिवाय चावीला हात लावत नाही. जुन्या गाडीचं बटण मी त्यानंतर कधी सोडवलं नाही. वहीतली ती नोंद मात्र अजून अर्धीच आहे. रिकामा रकाना मला बघवत नाही. म्हणून कधीतरी जेवण झाल्यावर दिव्याशी बसतो, पेन उघडतो, आणि 'बटण अडकलं होतं' असं लिहायला घेतो. पहिलं अक्षर काढलं की पुदिन्याचा वास येतो. आणि माझ्या डाव्या गुडघ्यावर दोन बोटं टेकतात.